किनारा सगळ्यांचा, म्हणजे कोणाचा?

शिकागोत दोन दिवस हाताशी असतील तर काय बघावं, याच्या याद्या फोनवर ढिगानं सापडतात. त्या सगळ्यांत एक गोष्ट हमखास असते : मिशिगन तळ्याचा काठ. ‘तळं’ हा शब्द त्याला फारच तोकडा पडतो. क्षेत्रफळ सुमारे ५८ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे पंधरा गोवे आत मावतील. पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, वाळू आहे, वादळं होतात. फक्त पाणी गोडं आहे आणि हवेला समुद्राचा खारा वास नाही.

या शहराला तळ्याचा सुमारे ३० मैलांचा काठ आहे आणि त्यातला साधारण २६ मैल सार्वजनिक आहे. बागा, वाळूचे किनारे, दगडी पायऱ्या आणि चालण्या-सायकलींसाठी सलग १८ मैलांची वाट. बागेला तिकीट नाही, किनाऱ्याला फाटक नाही. तळं दिसणाऱ्या एका खिडकीसाठी जिथे लोक घराचे जास्तीचे पैसे मोजतात, तिथे पाण्यालगतची सगळ्यात महागडी जमीन मोकळी ठेवलेली आहे. कुणीही यावं, बसावं, पाय भिजवावेत.

‘कुणीही’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! जागा ‘सगळ्यांची’ आहे असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणत असतो? ती कोणाच्याच मालकीची नाही, असं? सरकारच्या मालकीची आहे, असं? की जो येऊन बसेल त्याची, असं? शिकागोच्या काठावर या तिन्ही उत्तरांची परीक्षा झालेली आहे आणि एकदा तर ती फार महागात पडली. म्हणून फिरता फिरता हा प्रश्न सोडवून बघू. त्यासाठी एकच वस्ती पुरेशी आहे : शहराच्या दक्षिण भागातली हाइड पार्क.

एक फेरी

शहराच्या मध्यातून मेट्राची लोकल पकडली की थोड्याच वेळात हाइड पार्क येतं. विद्यापीठाची वस्ती. ५५व्या रस्त्यानं पूर्वेकडे चालत गेलं की समोर आठ पदरी ‘लेक शोअर ड्राइव्ह’ आडवा येतो. शिकागोचे पहिले कायमचे रहिवासी मानले जाणारे, कृष्णवर्णीय व्यापारी झां बाप्तिस्त प्वँ द्यु साब्ल यांचं नाव २०२१ साली या रस्त्याला जोडलं गेलं. रस्त्याखालच्या भुयारातून पलीकडे निघालं की प्रॉमंटरी पॉइंट. इथले लोक नुसतंच ‘द पॉइंट’ म्हणतात.

पॉइंट म्हणजे तळ्यात घुसलेलं जमिनीचं एक हिरवं टोक. ते निसर्गानं दिलेलं नाही. पाण्यात भराव टाकून ते तयार केलं आणि १९३७ साली लोकांसाठी खुलं झालं. आल्फ्रेड कॉल्डवेल या उद्यानकारानं त्याची आखणी केली. मधोमध गवताचा मोठा तुकडा, कडेनं झाडं आणि पाण्यालगत चुनखडीच्या प्रचंड दगडांच्या पायऱ्या. उन्हाळ्यात संध्याकाळी या दगडांवर म्हाताऱ्या बायका, विद्यार्थी, पोरंसोरं, शेगडी पेटवून मांस भाजणारी कुटुंबं, सगळी दिसतात. काही जण सरळ दगडांवरून पाण्यात उतरतात. लाटांनी झिजलेले हे दगड काढून काँक्रीट टाकायचा सरकारी बेत निघाला, तेव्हा वस्तीतले लोक अनेक वर्षं चिवटपणे त्याच्या आड उभे राहिले.

पॉइंटवरून दक्षिणेला चाललं की ५७व्या रस्त्याचा वाळूचा किनारा लागतो. रस्ता ओलांडून आत आलं की विज्ञान आणि उद्योगाचं भलंमोठं संग्रहालय. ही इमारत १८९३च्या जागतिक प्रदर्शनातली. कोलंबस अमेरिकेला पोचल्याच्या चारशे वर्षांनिमित्त ते भरलं होतं आणि त्यासाठी जॅक्सन पार्कच्या दलदलीवर एक अख्खं पांढरंशुभ्र नगर उभारलं होतं. बाकीचं नगर केव्हाच गेलं, ही इमारत राहिली. तिच्यामागे जॅक्सन पार्कमधलं पाणी, त्यातलं ‘वुडेड आयलंड’ नावाचं झाडीचं बेट आणि बेटावरची जपानी बाग. वसंतात इथे चेरी फुलते तेव्हा फोन वर धरलेल्या हातांची रांग लागते. आणखी खाली गेलं की ६३व्या रस्त्याचा लांबलचक किनारा आणि त्याची कमानींची जुनी इमारत.

एवढी फेरी अर्ध्या दिवसात होते. खर्च लोकलच्या तिकिटाचा आणि आइस्क्रीमचा. संग्रहालयाला मात्र तिकीट आहे.

आता प्रश्नाकडे.

नकाशावरची ओळ

१८३६ साली शिकागो हे अजून रीतसर शहरही झालं नव्हतं. इलिनॉय-मिशिगन कालव्यासाठी पैसा उभा करायचा म्हणून कालव्याचे कमिशनर जमिनीचे तुकडे पाडून विकत होते. नकाशावर तळ्यालगतच्या एका पट्ट्यावर त्यांनी लिहून ठेवलं, की ही लोकांची सामायिक जागा आहे आणि ती इमारतींपासून, कसल्याही अडथळ्यापासून कायमची मोकळी राहील.

ओळ लिहिली गेली आणि शहर तिला विसरलं. काठावर रेल्वेचे रूळ आले, झोपड्या, कचरा, राडारोडा आला. मग शहराच्या कारभाऱ्यांना वाटू लागलं, की एवढी मोक्याची जागा वाया का घालवायची? सरकारी इमारती बांधू, संग्रहालय बांधू.

१८९० साली माँटगोमेरी वॉर्ड नावाचा व्यापारी कोर्टात गेला. टपालानं माल विकण्याचा धंदा त्यानं १८७२ मध्ये सुरू केला होता. आज आपण फोनवरून जे मागवतो त्याचा हा आजोबा. त्याची कचेरी मिशिगन ॲव्हेन्यूवर, त्या पट्ट्याच्या समोरच होती. पुढची वीस वर्षं तो लढत राहिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात प्रकरण चार वेळा गेलं आणि चारही वेळा तो जिंकला. शेवटचा निकाल १९११चा. त्याच्यामुळे फील्ड म्युझियमला ग्रँट पार्कमध्ये जागा मिळाली नाही. ते दक्षिणेला भरावाच्या जमिनीवर गेलं. फक्त आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत अपवाद म्हणून राहिली. १८९३च्या सप्टेंबरमध्ये विवेकानंद बोलले ती हीच. वर्तमानपत्रांनी वॉर्डला शहराच्या प्रगतीतली धोंड ठरवलं. त्याचं म्हणणं होतं, की आपण हे गरिबांसाठी करतोय, लक्षाधीशांसाठी नव्हे.

या गोष्टीत एक अडचण आहे. वॉर्डला कोर्टात उभं राहता आलं ते ‘नागरिक’ म्हणून नव्हे. समोरच्या जमिनीचा मालक म्हणून त्याचा त्या मोकळ्या पट्ट्यावर हक्क होता, त्या जोरावर तो उभा राहिला. लोकांची जागा वाचली ती एका श्रीमंताच्या खासगी हक्कामुळे. ज्या गरिबांसाठी तो लढत होता, त्यांच्यापैकी कोणी कोर्टाची पायरी चढला असता तर? त्याच्याकडे ना वकील होता, ना समोरची जमीन. ‘सगळ्यांची’ असलेली गोष्ट राखायची ताकद सगळ्यांकडे सारखी नसते, ही या काठाची पहिली शिकवण.

मालक की विश्वस्त?

दुसरी गोष्ट रेल्वेची. १८६९ साली इलिनॉयच्या विधिमंडळानं इलिनॉय सेंट्रल या रेल्वे कंपनीला शिकागोच्या बंदरातली तळ्याखालची हजारएक एकर जमीन देऊन टाकली. पाण्याखालची जमीन, म्हणजे पर्यायानं बंदरच. चार वर्षांनी विधिमंडळानं निर्णय फिरवला, कंपनी भांडली आणि १८९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. बहुमत काठावरचं होतं, चार विरुद्ध तीन. तत्त्व मात्र दूरवर गेलं. तळ्याखालची जमीन सरकारच्या नावावर असली तरी सरकार तिचा मन मानेल तसा व्यवहार करणारा मालक नाही. ती लोकांच्या वतीनं त्याच्याकडे ठेव म्हणून आहे. ठेव कोणी विकून टाकत नाही.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. हिमाचलमध्ये बियास नदीकाठी एका हॉटेलसाठी जंगलजमीन दिल्याच्या प्रकरणात १९९६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं हेच तत्त्व आपल्या कायद्यात आणलं आणि त्या निकालात या शिकागोच्या खटल्याचा आधार घेतला. नदी, समुद्रकिनारा, जंगल यांचं सरकार विश्वस्त आहे, असं आपल्याकडे कोर्टात म्हटलं जातं, त्याची एक मुळी या तळ्याच्या तळाशी आहे.

म्हणजे दोन उत्तरं मिळाली. ‘सगळ्यांचा’ म्हणजे ‘कोणाचाच नाही’ असं नव्हे. तसं मानलं की जो आधी पोचेल तो बळकावतो. आणि ‘सगळ्यांचा’ म्हणजे ‘सरकारचा’ असंही नव्हे. सरकार फक्त राखणदार. कागदावर यापेक्षा चांगलं उत्तर सापडणं कठीण आहे. पण कागदावर.

कुठेच न काढलेली रेषा

पॉइंटवरून उत्तरेला सायकल काढली की वीसेक मिनिटांत आपण २९व्या रस्त्याजवळ येतो. तिथे एका दगडावर एक छोटी पाटी आहे. सायकलवाले तिच्यासमोरून भरधाव जातात.

२७ जुलै १९१९, रविवार. प्रचंड उकाडा. यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांबरोबर लाकडाच्या तराफ्यावर तळ्यात तरंगत होता. २५व्या रस्त्याजवळच्या किनाऱ्यावर काळे लोक जात, २९व्या रस्त्याजवळच्या किनाऱ्यावर गोरे. अशी वाटणी करणारा कायदा नव्हता. उलट इलिनॉयमध्ये सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करायला १८८५ पासून कायद्यानं मनाई होती. वाळूत कुंपण नव्हतं, पाण्यात तर कसलीच खूण नव्हती. तराफा वाहत वाहत त्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडे गेला. काठावरून एक गोरा माणूस दगड मारू लागला. यूजीन बुडाला. लोकांनी ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्या माणसाला तिथल्या गोऱ्या पोलिसानं पकडलं नाही.

त्या संध्याकाळी सुरू झालेली दंगल आठवडाभर शहरात चालू राहिली. ३८ माणसं मेली : २३ काळी, १५ गोरी. पाचशेहून जास्त जखमी झाली. सुमारे हजार काळी कुटुंबं बेघर झाली.

हे घडलं ते ज्या शहराकडे ‘कायम मोकळा’ अशी ८३ वर्षं जुनी ओळ होती त्या शहरात. वॉर्डनं शेवटचा खटला जिंकल्यावर फक्त आठ वर्षांनी. कायदा यूजीनच्या बाजूचा, न्यायालयाचे निकाल त्याच्या बाजूचे, नकाशा त्याच्या बाजूचा. आणि पाण्यात तो एकटा.

रेषा नंतरही पुसली गेली नाही, ती सरकत राहिली. ७५व्या रस्त्याच्या पुढे रेनबो बीच आहे. १९६० आणि ६१च्या उन्हाळ्यात तिथे काळे-गोरे तरुण मिळून ठरवून पाण्यात उतरले, कारण त्या किनाऱ्यावर काळ्यांना कोणी टिकू देत नसे. साठ साली त्यांच्यावर दगड पडले. एकसष्ट साली ते पोलीस बंदोबस्तात पुन्हा आले. तेव्हाही तो किनारा कायद्यानं सगळ्यांचाच होता.

पाणी पिण्यासाठी नव्हे

मराठी माणसाला इथे महाड आठवलं नाही तर नवल. मुंबईच्या कायदेमंडळानं १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर केला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं आपलं चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद पूर्ण. पण पुढची तीन वर्षं त्या तळ्यावर अस्पृश्य फिरकू शकले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंचा जमाव घेऊन गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्याच दिवशी परिषदेला आलेल्यांवर लाठ्या चालल्या. नंतर तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. पालिकेनं आपला ठराव मागे घेतला. सवर्णांनी तळं खासगी असल्याचा दावा ठोकला. उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागायला १९३७ साल उजाडलं. त्याच वर्षी तिकडे शिकागोत पॉइंट खुला झाला.

दोन्ही गोष्टी एक नाहीत. जात आणि वर्ण यांची घडण वेगळी आहे. प्यायचं पाणी आणि पोहायचं पाणी यांतही फरक आहे. पण एका बाबतीत दोन्ही तळी सारखं बोलतात. डिसेंबरमधल्या परिषदेत बाबासाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, की त्या पाण्यावाचून आपण मेलेलो नाही आणि ते प्यायल्यानं अमर होणार नाही. आपण तिथे जातोय ते इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे दाखवायला. रेनबो बीचवर उतरलेल्या मुलांनाही उकडत होतं म्हणून ती उतरली नव्हती.

यातून मला तिसरं उत्तर दिसतं. जागा सगळ्यांची असण्याच्या तीन पायऱ्या असतात. पहिली परवानगी : तुला येऊ देतो. दुसरी हक्क : तुला अडवता येणार नाही. आणि तिसरी निर्धास्तपणा : तू का आलास, हे तुला कोणी विचारणार नाही, आणि विचारेल अशी धास्तीही तुझ्या मनात नसेल. १८३६ची ओळ आणि १९२३चा ठराव आपल्याला दुसऱ्या पायरीपर्यंत नेतात. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यात यूजीन बुडाला.

म्हणून जागा सार्वजनिक आहे की नाही हे तपासायची माझी कसोटी अशी : स्वागत होईल की नाही याबद्दल ज्याला सगळ्यात कमी खात्री आहे, त्या माणसाला तिथे काहीही कारण न सांगता नुसतं बसता येतं का? काम नाही, खरेदी नाही, कोणाची वाट बघणं नाही. नुसतं बसणं. मुंबईबद्दल शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये आलं, ते बायकांच्या बाबतीत हाच प्रश्न धरून होतं. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर एकट्या बसलेल्या मुलीच्या हातात पुस्तक किंवा कानात हेडफोन का असतो, याचा विचार तुम्ही कधी केलात का? बऱ्याचदा ते तिचं कारण असतं. कोणी विचारलंच तर दाखवायला.

चांगल्या कामासाठी

एवढ्यावर थांबलं तर प्रश्न सोपा वाटेल : वाईट माणसं रेषा काढतात, चांगली माणसं पुसतात. हाइड पार्कच्या शेजारी त्याहून अवघड प्रकरण उभं आहे. जॅक्सन पार्कच्या पश्चिम कडेला बराक ओबामांचं अध्यक्षीय केंद्र. त्यासाठी शहरानं सार्वजनिक बागेतली १९ एकरांहून जास्त जागा ९९ वर्षांसाठी एकूण १० डॉलरला वापरायला दिली. ‘प्रोटेक्ट अवर पार्क्स’ ही संस्था २०१८ मध्ये कोर्टात गेली. लोकांची ठेव खासगी संस्थेला देता येत नाही, हा तिचा मुद्दा. तो टिकला नाही.

दोन्ही बाजू नीट ऐकाव्या अशा आहेत. एक बाजू म्हणते, शिकागोच्या दक्षिण भागाला पिढ्यान्‌पिढ्या काही मिळालं नाही. अमेरिकेचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष जिथे राहिला, जिथून राजकारणात आला, तिथे त्याचं केंद्र होतंय, लोकांना कामं मिळतील, वस्तीला जीव येईल. आणि नेमकी आताच तुम्हाला झाडं आठवली? १८९३चं प्रदर्शन याच बागेत भरलं तेव्हा काळ्यांना त्यात जवळपास स्थान नव्हतं. आयडा बी. वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी त्यावर पुस्तिका काढून प्रदर्शनाला येणाऱ्यांत वाटली होती. त्याच मातीवर आता हे केंद्र उभं राहावं यात एक न्याय आहे.

दुसरी बाजू म्हणते, मोकळ्या जागेवर डोळा ठेवणारं प्रत्येक काम चांगलंच असतं. फील्ड म्युझियम वाईट होतं का? मोकळी जागा कधीच वाईट कामासाठी जात नाही. ती एकामागून एक चांगल्या कामांसाठी जाते आणि एक दिवस संपते. शिवाय केंद्राच्या शेजारच्या वुडलॉन वस्तीतल्या लोकांना वेगळीच भीती होती : भाडी वाढतील आणि ज्यांच्या नावानं हे होतंय तेच इथून उठतील. त्यांच्या लढ्यातून २०२० साली शहराला वुडलॉनमधली घरं राखण्यासाठी खास नियम करावे लागले.

याच्या उलट उदाहरणही आहे. चित्रपट दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या संग्रहालयाला तळ्याकाठी जागा द्यायचं ठरलं. ‘फ्रेंड्स ऑफ द पार्क्स’ संस्थेनं खटला भरला आणि २०१६ मध्ये लुकास यांनी शिकागोचा नाद सोडला. संग्रहालय लॉस एंजेलिसला गेलं. तत्त्व जिंकलं. फक्त ज्या जागेसाठी भांडण झालं, तो मैदानाशेजारचा गाड्या लावायचा डांबरी तळ होता. काठ ‘मोकळा’ राहिला, म्हणजे गाड्यांसाठी राहिला. आणि मघाशी आपण ज्याच्याखालच्या भुयारातून आलो, तो आठ पदरी रस्ता काय आहे? इमारत नाही म्हणून अडथळा नाही?

माझी कसोटी इथे लावली तर झटपट निकाल लागत नाही, पण प्रश्न बदलतो. ‘इथे इमारत असावी की गवत?’ याऐवजी ‘हे झाल्यावर कोणाला इथे नुसतं बसणं सोपं होईल आणि कोणाला अवघड?’ असं विचारावं लागतं. ओबामा केंद्रामुळे एखाद्या काळ्या मुलाला ही बाग आपली वाटू लागली तर तो मोठा फायदा. पण भाडं वाढून त्याच्या घरच्यांना वस्ती सोडावी लागली तर त्याला आपली वाटणारी ती बाग त्याच्यापासून तासभर लांब गेली. हिशोब दहा-वीस वर्षांनी लागेल. तोवर दोन्ही बाजूंनी तो मांडत राहणं भाग आहे.

फिरणाऱ्याचं काय?

आता आपल्यासारख्यांचं. सुट्टीत आलेले, शिकायला आलेले, मुलाकडे-लेकीकडे सहा महिने राहायला आलेले. आपण फक्त फिरायला आलोय. यूजीन विल्यम्स आपल्या आधीचा, भांडण आपलं नव्हे. आपण वाळूत बसताना हे सगळं मनात वागवलंच पाहिजे का?

‘हो’ म्हणायला माझी जीभ सहज वळत नाही, कारण त्यात एक विसंगती आहे. तो मुलगा पाण्यात कशाला गेला होता? उकडत होतं, रविवार होता, मित्र होते. त्याला कसलाही इतिहास घडवायचा नव्हता. त्याला हवा होता तो नेमका निष्काळजीपणा. काठावर येणाऱ्या प्रत्येकानं गंभीर चेहऱ्यानं बसायचं ठरवलं, तर ज्या गोष्टीसाठी तो गेला तीच आपण संपवू. आज ५७व्या रस्त्याच्या किनाऱ्यावर एखादं काळं पोर ट्यूबवर पसरून तरंगत असेल आणि त्याला १९१९ची गंधवार्ता नसेल, तर मला त्यात आनंदच वाटेल. त्याला ती माहीत असायला हवी अशी सक्ती कोणी करू नये. निदान पाण्यात असताना तरी.

पण मग ती कोणी माहीत करून घ्यायची? मला वाटतं, ज्याला ही जागा सोपी आहे त्यानं. निर्धास्तपणा ही काही आपोआप मिळणारी हवा नाही. कोणीतरी कोर्टात गेलं, कोणीतरी दगड खाल्ले, म्हणून तो या काठावर साठत गेला. ज्याला तो फुकट मिळालाय त्यानं त्याची थोडी जबाबदारी उचलायची. ही जबाबदारी म्हणजे अपराधी वाटून घेणं नव्हे. त्यानं कोणाचंच भलं होत नाही. ही लक्ष ठेवण्याची जबाबदारी आहे. आणि तिला लागतो एक साधा प्रश्न : इथे कोण नाहीये?

हा प्रश्न शिकागोत विचारता येतो. शहराच्या उत्तर टोकाला, हॉलीवूड ॲव्हेन्यूपाशी लेक शोअर ड्राइव्ह संपतो आणि पुढे एजवॉटर वस्तीत काही उंच इमारती थेट पाण्यावर उभ्या आहेत. २६ मैलांत न मोजलेल्या मैलांपैकी काही हे. त्याही पलीकडच्या श्रीमंत उपनगरांत बाहेरच्यांना वाळूवर उतरायला पैसे मोजावे लागतात. कारण देतात ते देखभालीच्या खर्चाचं आणि ते खोटंही नाही. पण पैसे लावले की कोण गळतं, हे सांगायला नको.

आणि हा प्रश्न आपल्या गावच्या काठावरही विचारता येतो. तलावाचं सुशोभीकरण होतं, कडेनं फरसबंदी आणि दिवे येतात, दाराशी वेळापत्रक आणि दहा-वीस रुपयांचं तिकीट येतं. जागा नक्कीच छान होते. पूर्वी तिथे धुणं धुणाऱ्या बायका, गळ टाकून बसणारे म्हातारे, दुपारचे लवंडणारे मजूर कुठे गेले, हे बहुधा कोणी विचारत नाही. त्यांना कोणी हाकललेलं नसतं. फक्त बसायला आता कारण लागतं आणि त्यांच्याकडे ते नसतं. मग कट्ट्यावर ‘सहा वाजेपर्यंतच’, ‘जोडप्यांना मनाई’ अशा पाट्या लागतात, आणि जिला आधीच कमी खात्री होती ती मुलगी यायची बंद होते. रेषा अशीच निघते. बहुतेक वेळा दगड मारावा लागत नाही.

तर शिकागोला गेलात तर हाइड पार्कला जरूर जा. पॉइंटच्या दगडांवर बसा, पाणी गार असतं तरी पाय घाला, चेरी फुलली असेल तर फोटो काढा, ते करायलाच तो काठ आहे. सायकल मिळाली तर २९व्या रस्त्यापर्यंत जाऊन ती छोटी पाटी दोन मिनिटं थांबून वाचा. आणि परत आल्यावर आपल्या गावच्या तलावाला, चौपाटीला, घाटाला एकदा जाऊन जरा नीट बघा : तिथे कोण नाही, आणि का नाही. नकाशावरची ओळ कमिशनर एकदाच लिहून गेले. ती खरी आहे की नाही, हे दर उन्हाळ्यात काठावर बसणाऱ्यांवरून ठरतं.